बेळगावात महिन्यातून एक रविवार निसर्गफेरी आणि गप्पा सुरू करूया का? (खानापूर, चिकोडी, निपाणीवाले पण या)

टिळकवाडीचं पाखरू | रविवार, रात्री 9:12

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमचा एक घोळका असा आहे की चालणं कमी आणि माना वर करून उभं राहणंच जास्त. तांबट ओरडला, हळद्या दिसला की फिरणं राहिलं बाजूला. आता शेजारपाजारची पोरं पण यायला लागलीत. तर महिन्यातून एका रविवारी ठरवून कुठंतरी जायचं, दोन-तीन तास फिरायचं, मग तिथंच झाडाखाली बसून माहितगार माणसाकडून अर्धा-पाऊण तास ऐकायचं, असं काही सुरू करूया का? फी नाही, बॅनर नाही, सत्कार-नारळ तर अजिबात नाही.

2 ऑक्टोबरपासून वन्यजीव सप्ताह आहे, तो मुहूर्त धरता येईल. जागा सुचवा. माझ्या मनात डेपो, राकसकोप, राजहंसगड, थंडीत धुपदाळ (घटप्रभा पक्षी अभयारण्य), आणि एकदा तरी भीमगड अभयारण्यातली बारापेडेची गुहा आहे. तिथलं ते जगप्रसिद्ध वटवाघूळ पोरांना दाखवायचंय.

लेन्सवाला बेळगावकर | रविवार, रात्री 9:40

मी आहे 🙋 सुरुवात बारापेडेपासूनच करूया, डेपोत काय रोजच जातो. आणि पाऊस ओसरायच्या आत चोर्ला घाटात एक चक्कर मारू, चापडा (हिरवा विषारी साप) हमखास मिळतो, मॅक्रो फ्लॅश मी आणतो.

आंगोळचे आजोबा | रविवार, रात्री 10:05

उत्तम कल्पना. चढ नको. बसायला जागा पाहिजे.

खानापूरचा गडी | सोमवार, सकाळी 7:20

ताई कल्पना चांगली आहे खरं बारापेडेचं तेवढं यादीतनं काढा. गुहा अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाताच येत नाही, आणि समजा परवानगी मिळाली तरी पोरं घेऊन तिथं जायची जागाच नव्हं ती. ते वटवाघूळ (राॅटनचं म्हणतात त्याला) 1913 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवलं ते याच गुहेतनं, त्यानंतर कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं माहितीच नव्हतं, अलीकडं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं एवढंच. कान बघितलेत काय फोटोत? पार नाकाच्या पुढं आलेले, टोपी डोळ्यांवर ओढल्यासारखे. खरं ते जे छताला फटीत एकमेकाला चिकटून बसलेलं असतंय तिथं माणसांचा घोळका गेला, टॉर्च मारले, की उडतंय सगळं. पिल्लांचे दिवस असले तर पिल्लं खाली पडतात, मग ती काय वाचत नाहीत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते, म्हणजे वाघाच्या रांगेत बसवलंय. वाघाच्या जाळीत पोरं घेऊन कोण जातंय काय?

बोला की त्याच्यावर, फोटो दाखवा, खरं शाळेत बसून.

लेन्सवाला बेळगावकर | सोमवार, सकाळी 8:02

मग बघायचंच नाही का काही? सगळं स्लाइडवरच दाखवायचं असेल तर यूट्यूब आहे की घरी. लोकांना प्रत्यक्ष दिसलं तरच आपुलकी वाटते, हे माझं मत आहे आणि राहणार.

टिळकवाडीचं पाखरू | सोमवार, सकाळी 8:30

@खानापूरचा गडी, बारापेडे काढलं यादीतून. तुम्ही त्याच भागातले दिसता, मग तुम्हीच सांगा ना तुमच्याकडं कुठं आणि काय करता येईल?

खानापूरचा गडी | सोमवार, रात्री 9:55

दिवसभर शेतात होतो म्हणून उशीर. सांगतो, जरा मोठं होईल, वाचा.

भीमगड 2011 च्या डिसेंबरात अभयारण्य झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. आत आणि काठावर गावं आहेत, तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, देगाव, आमगाव, हेमडगा. म्हादईचा उगम देगावच्या रानातला, मलप्रभेचा उगम इकडं कणकुंबीला, म्हणजे गोव्याचं पाणी आणि अर्ध्या उत्तर कर्नाटकाचं पाणी एकाच तालुक्यातनं निघतंय. (म्हादईच्या कालव्याच्या राजकारणावर कुणी सुरू होऊ नका, त्याला वेगळा धागा काढा.) या गावांतली माणसं मराठी-कोकणी बोलणारी. तळेवाडीवाले तर आता पुनर्वसनाचे पैसे घेऊन बाहेर पडालेत, बाकीच्यांचं अजून तळ्यात-मळ्यात.

आता शहरातनं गाड्या येतात, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि गावातल्या माणसाला पहिला प्रश्न काय, तर "काका, गवा कुठं दिसेल ओ?" काकाच्या भातात रात्री गवे शिरून गेलेले असतात. रताळी लावली तर रानडुकरं एका रात्रीत वाफा उलटा करतात, नांगरल्यासारखा. भात कापून गंजी रचली की हत्ती. हे हत्ती 2002 च्या सुमाराला दांडेलीकडनं खानापूरमार्गे पुढं चंदगड-तिलारीकडं गेले आणि तेव्हापासून त्यांची ये-जा आहेच. तुम्ही वन्यजीव वाचवा म्हणून बोलायला लागलात की तो माणूस मान हलवतोय, चहा देतोय, आणि तुमची गाडी वळली की काय बोलतोय ते इथं लिहिता येत नाही.

म्हणून म्हणतो, कार्यक्रम करायचा तर पहिला गावात करा, आणि गावाला पाहिजे त्या विषयावर करा. नुकसानीचा अर्ज कसा करायचा, फोटो कसले लागतात, उतारा कुठला जोडायचा, अर्ज कन्नडात असतोय तो भरून कोण देणार. हे कुणी तरी नीट मराठीत समजावून सांगितलं ना तर लोक तुम्हाला खांद्यावर घेऊन रान दाखवतील.

सदाशिवनगर हुडुगा | सोमवार, रात्री 10:31

मी घरी कन्नड बोलतो, मराठी मित्रांच्यात राहून शिकलो, चुकलं तर हसू नका. फॉर्म भरायचं काम माझ्याकडं द्या. आणि वनखात्याचे गार्ड लोक बहुतेक कन्नडात बोलतात, त्यातले कितीतरी लांबच्या जिल्ह्यातले असतात, त्यांना पण गावात बोलायला अडचण येते. ते बोलतील, मी शेजारी बसून मराठीत सांगतो. दोन्हीकडच्या शिव्या गाळून 😄

कापोलीची सून | सोमवार, रात्री 11:02

मी आरोग्य खात्यात आहे, खेडेगावात ड्युटी. वरच्या खानापूरच्या दादांचं सगळं खरं आहे, त्यात माझं एक घाला, साप. पावसाळ्यात आमच्याकडं साप चावल्याच्या केसेस येतात त्यातले निम्मे आधी भलतीकडं जाऊन आलेले असतात, मंत्र घालून, पाय दोरीनं करकचून बांधून, कुणी ब्लेडनं चिरून. दोरी सोडताना तो काळानिळा पाय बघवत नाही. पर्वाच एक बाई आणली, भात लावणीला गेलेली, पिंढरीला सुतळीचे चार वेढे, आणि चावलेला साप बिनविषारी. सापानं काही केलं नव्हतं, जे केलं ते सुतळीनं.

लोकांना एवढंच सांगायचं असतं. हातपाय हलवायचा नाही, फळी-काठी लावून स्थिर ठेवायचा, अंगठी-बांगडी-जोडवी काढायची कारण सूज येते, आणि सरळ सरकारी दवाखाना. साप पकडून आणायची गरज नाही, मारायची तर नाहीच, मारायच्या नादात दुसऱ्यालाही चावतो. मण्यारीचं वेगळं सांगावं लागतं, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा चावलेलं कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत, घरचे म्हणतात अपचन झालं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनवलेली असते. चापड्यावर ती चालत नाही, त्यामुळे चापडा दिसला की हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांनी जरा विचार करावा. कर्नाटकात फेब्रुवारी 2024 पासून सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं सक्तीचं झालंय, ते चांगलं झालं, निदान आकडा तरी कळेल.

हे मी बोलू शकते, स्लाइड वगैरे नाही जमणार मला, पण बोलेन.

लेन्सवाला बेळगावकर | मंगळवार, सकाळी 7:45

चापड्याचा टोमणा मला होता, कळलं 🙏 हातात कधी घेत नाही ओ मी. पण हो, काठीनं फांदी बदलणारे बघितलेत, पावसात भिजलेला हिरवागार साप चांगला पानाआड बसलेला असतो तो उचलून उघड्या फांदीवर ठेवायचा, मागचं हिरवं धूसर आलं पाहिजे म्हणून. तो मुळात एका जागी दिवस-दिवस बसून शिकार करणारा प्राणी.

तरी पण पाखरूताईंना विचारतो, नुकसानीचे अर्ज, सर्पदंश, हे सगळं महत्त्वाचं आहे हे मान्य, पण ही समाजसेवा झाली. निसर्गफेरी कुठं आहे यात? पोरं येणार नाहीत.

आंगोळचे आजोबा | मंगळवार, सकाळी 9:10

पोरं येतात. नातवाला मी साप म्हटलं की जेवण सोडून ऐकतो.

2022 च्या ऑगस्टची आठवण करून देतो. जाधवनगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला, शाळा बंद, शिमोग्याच्या सक्रेबैलहून हत्ती मागवले, महिनाभर शोध, आणि तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. तेव्हा शहरातल्या शिकल्या-सवरल्या लोकांनी व्हाट्सअॅपवर काय काय फिरवलं ते आठवा. दुसऱ्याच गावचे जुने व्हिडिओ "आत्ता हनुमाननगर" म्हणून. खेड्यातल्या माणसाला शहाणं करायला निघण्याआधी एक भाषण टिळकवाडीतही ठेवा. बिबट्या शहरात आला तर काय करू नये, हा विषय.

खानापूरचा गडी | मंगळवार, सकाळी 9:32

आजोबा 💯

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी 1:15

चिकोडी-अथणीकडचं कोण बोलतंय की नाही बघत होतो, सगळं खानापूरच चाललंय. आमच्याकडं डोंगर नाही, जंगल नाही, खरं जनावर आहे. उसात बिबट्या, खोकड, रानमांजर, आणि नदीत मगर. यडूर-मांजरीपासून खाली उगारकडं जावा, हिवाळ्यात सकाळी उन्हाला काठावरच्या मळीत पसरलेली असते. तोंड उघडं टाकून. लोकांना वाटतं आपल्यावर आ वासलाय, ती नुसती अंगातली उष्णता सोडत असते. मी लांबनं बघितलंय, वर टिटवी फिरत कलकलाट करतेय आणि ही बाईसाहेब डोळा पण हलवत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या दरम्यान काठाच्या मातीत खड्डा काढून पंचवीस-तीस अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर. त्या दिवसांत ती जागा सोडत नाही, आणि नेमकं तेव्हाच नदीचं पाणी उतरलेलं असतंय, माणसं पाण्याची मोटार सरकवायला, म्हसरं धुवायला पार आत उतरतात. मग होतंय ते होतंय.

आणि ऊसतोडीला टोळ्या येतात त्यांच्यासाठी तर कुणीच काही करत नाही. फड संपत आला की मधल्या सरीत पिल्लं सापडतात. लगेच गोंगाट, "बिबट्याची पिल्लं, बिबट्याची पिल्लं". कितीतरी वेळा रानमांजराची असतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर नुसते फिकट पट्टे, बिबट्याच्या पिल्लाला काळे ठिपके गच्च भरलेले. कुठली का असेनात, हात लावायचा नाही, सेल्फी नाही, घरी न्यायची नाहीत, तेवढी सरी सोडून तोड थांबवायची आणि वनखात्याला कळवायचं. त्याच जागेवर ठेवली तर रात्री आई येऊन मानगुटीला धरून घेऊन जाते, जुन्नरकडं तर खोक्यात ठेवून अशी कितीतरी पिल्लं आईकडं परत गेलीत. टोळीतली माणसं बीड, विजापूर कुठनं कुठनं आलेली, त्यांना फडावर जाऊनच सांगावं लागतंय, रविवारी सकाळी सात वाजता हॉलमध्ये या म्हटलं तर कोण येणार.

संकेश्वरवाली | मंगळवार, दुपारी 3:40

आमची हिरण्यकेशी कुणाच्या यादीत नाही म्हणून लिहिते. आंबोलीत उगमाच्या महादेवाच्या कुंडात 2020 मध्ये माशाची नवी जात नोंदवली गेली, हिरण्यकेशी नावाचीच, आणि पुढच्या वर्षी ती जागा महाराष्ट्र सरकारनं जैवविविधता वारसास्थळ केली. तीच नदी आजरा-गडहिंग्लज करत आमच्या संकेश्वरला येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. उगमाला वारसा आणि आमच्या पुलाखाली उन्हाळ्यात नाक दाबून जावं लागतं. शाळेतल्या मुलांना आधी वरचं पाणी दाखवायचं आणि मग खालचं, एकाच दिवसात. भाषण लागणारच नाही.

सदाशिवनगर हुडुगा | मंगळवार, दुपारी 4:05

वा. हे मस्त आहे.

टिळकवाडीचं पाखरू | मंगळवार, रात्री 9:25

मी सुरुवात केली पक्षी बघायला जाऊया म्हणून आणि तुम्ही सगळ्यांनी धागा कुठल्या कुठं नेला, पण चांगल्या ठिकाणी नेला. दोन दिवस विचार करतेय. मला वाटतं लेन्सवाल्यांचा मुद्दा पण सोडू नये, पोरांना आधी मजा आली पाहिजे. म्हणून असं करूया का की एक महिना फेरी आणि एक महिना गावात बैठक, आळीपाळीनं. बैठकीत आपण गावकऱ्यांचं ऐकायचं आणि त्यांना लागणारं काम करायचं, आणि त्याच गावातला जाणकार माणूस आपल्याला सकाळी शिवारात फिरवणार. त्याला त्या सकाळचे पैसे द्यायचे, वर्गणी काढून, "आवडीनं केलं हो" म्हणाला तरी द्यायचे. या बाबतीत माझं ऐकाच. शहरातला पाहुणा वक्ता आला की पाकीट आणि गावातला माणूस वाट दाखवतो त्याला चहा, हे बरोबर नाही.

पहिली फेरी डेपोत, 2 ऑक्टोबरला, सुट्टी आहेच. पहिली बैठक खानापूरकडं, विषय सर्पदंश आणि नुकसानीचे अर्ज. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह. महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर करतात, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, आपणही करू, आपल्याला दोन्ही राज्यांचे सण लागू आहेत तसे दोन्हीकडचे पक्षीही लागू. कर्नाटकाचा नीलकंठ शिवारात तारेवर बसलेला आणि महाराष्ट्राचा हरियाल वडाची फळं खात, एकाच सकाळी दाखवता येतात.

आंगोळचे आजोबा | मंगळवार, रात्री 9:50

दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ. तेवढ्यासाठी मी येणार.

लेन्सवाला बेळगावकर | मंगळवार, रात्री 10:10

चालेल, आळीपाळीनं मान्य. डिसेंबर-जानेवारीची धुपदाळची फेरी माझ्याकडं. घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 पासूनचं आहे, पण बेळगावातल्या निम्म्या लोकांना गोकाकचा धबधबा माहिती आणि हे माहिती नाही. कांड्या करकोचे मध्य आशिया, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, सकाळी थवे पाण्यावरून उठून शेतात चरायला जातात, त्यामुळे उन्हं वर यायच्या आत पोचलं पाहिजे. मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेनं घटप्रभा स्टेशनला उतरायचं, तिथून रिक्षा, गाड्यांचा ताफा नको. हरभऱ्याच्या शेतात फोटोसाठी शिरायचं नाही, हे मी स्वतः बघेन. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलवणाऱ्याला मी परत पाठवणार, आधीच सांगतो.

खानापूरचा गडी | बुधवार, सकाळी 6:50

लेन्सवाले तुम्ही माणूस बरे निघालात 😀

आमच्याकडच्या बैठकीचं. गावात विचारलं, देवळाच्या मंडपात चालेल म्हणालेत, खरं सुगीच्या आधी या, एकदा भात कापणी लागली की कुणी मोकळं नाही. सकाळी फिरायला जायचं ते गावाजवळच्या मालकीच्या शिवारातनंच, अभयारण्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. सगळे एकत्र, बोलत बोलत चालायचं. पाखरं बघणाऱ्यांना गप्प चालायची सवय असते, इथं ती चालत नाही. अस्वल वाळवी खाण्यात गुंगलेलं असलं की त्याला जवळ येईपर्यंत कळत नाही, अचानक समोर माणूस बघितलं की घाबरून अंगावर येतं. आमच्याकडं जखमी झालेली माणसं बहुतेक अशीच, एकटी, पहाटे, सरपणाला किंवा शेताकडं निघालेली. आणि परत जाताना अंधार पडायच्या आत जांबोटीचा रस्ता सोडा, गवे रस्त्यावर येऊन उभे राहतात, काळं जनावर काळ्या रस्त्यावर दिसत नाही.

कापोलीची सून | बुधवार, सकाळी 8:15

बायकांची बैठक दुपारी वेगळी ठेवा. मंडपात पुरुष पुढं बसले की बायका मागं उभ्या राहतात आणि काही विचारत नाहीत, आणि शेतात वाकून काम त्याच करतात.

टिळकवाडीचं पाखरू | बुधवार, सकाळी 8:22

नक्की. दुपारी 2 ला बायकांसाठी, तुम्हीच घ्या.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी 8:40

आणि आमचा फड?

टिळकवाडीचं पाखरू | बुधवार, सकाळी 8:44

हंगाम सुरू झाला की तुम्ही सांगाल त्या आठवड्यात, संध्याकाळी, तोड संपल्यावर, टोळ्यांच्या खोपटांजवळ. रविवारच पाहिजे असं नाही. पिल्लांचे फोटो मोठे छापून आणते, बिबट्या आणि रानमांजर शेजारी शेजारी.

दूधगंगा | बुधवार, सकाळी 11:30

निपाणीहून आहे, आत्ताच सगळा धागा वाचला. कुठल्याही फेरीला येईन पण डेपोतल्या पहिल्या फेरीला किती वाजता? निपाणीहून पहिल्या बसनं निघालो तरी स्टँडवर उतरून टिळकवाडीला यायचं म्हणजे सात होतील.

टिळकवाडीचं पाखरू | बुधवार, सकाळी 11:41

साडेसहा ठरलंय, पण तुमच्यासाठी थांबतो. गेटजवळ आजोबा बसलेले असतील, चढ नाही म्हणून खूश.

आंगोळचे आजोबा | बुधवार, दुपारी 12:05

दुर्बीण कुणाकडं जादाची असेल तर आणा. माझी नातवानं उलटी धरून पाडली.